दोन कॅबिनेटं

आमच्या घरात पत्र्याचा आवाज आधी ऐकू यायचा, मग कोंबडा. नशिराबादला हायवेच्या कडेला नानांचं कपाटांचं शेड होतं आणि शेडच्या मागच्या भिंतीला पाठ लावून आमचं घर. नाना म्हणजे माझे वडील. लोखंडी कपाटं, धान्याच्या कोठ्या, दुकानांची गल्ल्याची टेबलं असं काहीबाही ते बनवत. पहाटे उठून ते शेडमध्ये जात आणि पहिला पत्रा टेबलावर टाकत, तेव्हा ढग गडगडल्यासारखा आवाज भिंतीतून आमच्या उशाशी येई. माय चुलीपुढून म्हणायची, “उना तुन्हा बाप कामले.” मग ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या, भाकरी थापल्याचा आवाज, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज आणि त्या सगळ्याच्या मधून नानांच्या हातोडीचा सारखा ठोका. या आवाजात मी वाढले. शाळा सुटली की दप्तर टाकून मी शेडमध्ये जाई. पत्र्यावर टोच्यानं रेघा मारायचं काम, म्हणजे आखणी, नानांनी मला फार लहानपणी शिकवलं. काटकोन तपासायचा गुण्या कसा लावायचा, रेघेच्या कोणत्या अंगानं कापायचं, दुमडीला किती जागा सोडायची, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. बारावी झाली, कॉलेज झालं, तरी आखणीचं टेबल माझंच होतं. गिऱ्हाईक आलं आणि मला तिथं पाहून दचकलं, तर नाना म्हणत, “मन्ही पोरगी शे. तिन्ही रेघ चुकत नई.” एवढंच. त्यापुढं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती आणि मलाही ते पुरे होतं.

मग प्रकाश आला. तो माझा चुलतभाऊ, नानांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आमचं मूळ गाव सोनगीर. काका तिथंच शेती करत होते. ते अचानक गेले, काकू त्याआधीच गेलेली. प्रकाशनं धुळ्याला शीटमेटलचा कोर्स नुकताच पुरा केला होता. नाना सोनगीरला गेले आणि येताना त्याला घेऊन आले. पत्र्याची एक पेटी, एक पिशवी, आणि अंगावर इस्त्री केलेला शर्ट. तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. आल्या आल्या तो माझ्या पाया पडला आणि ‘अक्का’ म्हणाला. मला त्याची दया आली होती, हे खरं आहे. ती फार दिवस टिकली नाही, हेही तितकंच खरं.

पुढच्याच आठवड्यात मी चहा घेऊन शेडमध्ये गेले, तर आखणीच्या टेबलाशी तो उभा होता. माझा टोच्या त्याच्या हातात. नानांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “आत्ते प्रकाश शे. तू मायले हातभार लाव.” त्यात राग नव्हता, हुकूमही नव्हता. पाणी उताराकडे जातं तसं ते बोलले. घरात माझ्यासाठी स्थळं येऊ लागली होती, मायला शेजारणी टोचत होत्या की मुलीचे हात बघा, कापलेले, काळे. तेव्हा नानांच्या दृष्टीनं हे आपोआप झालं होतं. मी ट्रे ठेवला आणि परत आले. त्या दिवशी मी पीठ मळताना परातीचा एवढा आवाज केला की माय म्हणाली, “परात बी तुन्हा बापनीच बनाडेल शे. जरा सबुरीनं.”

भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, ही आमच्या घराची सोय होती आणि आता तीच माझी शिक्षा झाली. नाना प्रकाशला शिकवत ते मी शब्द न् शब्द ऐकत असे. नखानं पत्र्यावर टिचकी मारून जाडी कशी ओळखायची, हे त्यांनी मला मी परकरात असताना शिकवलं होतं. आता तेच ते त्याला शिकवत होते, त्याच शब्दांत. आणि मग तो विनोदही आला, जो मला वाटत होतं की फक्त आम्हा दोघांचा आहे: “पत्रा नि जावई एकच डाव वाकतस. दुसऱ्या डाव वाकाडशी त मोडी जाई.” प्रकाश हसला. नाना हसले. मी भिंतीच्या या बाजूला कांदा चिरत बसले होते. माणसाला आपलं काही चोरीला गेलं तर ओरडता येतं. इथं चोरी झाली नव्हती. बापानं एक वाक्य दुसऱ्यांदा वापरलं होतं, एवढंच. पण आजही कुणी मला मत्सर म्हणजे काय असं विचारलं, तर मला तो भिंतीपलीकडचा हसण्याचा आवाज आठवतो.

बारीकसारीक गोष्टी मला दिसू लागल्या. नाना कपातला चहा बशीत ओतत आणि उरलेला कप प्रकाशपुढे सरकवत. पूर्वी तो कप माझ्याकडे यायचा. माय तव्यावरची पापुद्रा सुटलेली भाकरी त्याच्या ताटात टाकायची, “बिना मायबापनं लेकरू शे,” म्हणत. शेवभाजीतली वरची तर्री त्याला. संध्याकाळी नाना ओसरीत खाटेवर पाय सोडून बसत, आणि तो न सांगता त्यांच्या पायाशी बसून दिवसाच्या कामाचं बोलत राही. मी आतून भांडी घासता घासता ऐकत राही, आणि त्याची एखादी चूक सापडते का याची वाट बघत राही. सापडायची नाही. तो खरंच चांगला होता कामाला. त्यानं केलेल्या कपाटाचं दार एका बोटानं लागे. मी ते गुपचूप लावून बघितलं होतं.

अशात धुळ्याहून सतीशभाऊ आले. धुळ्याला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर क्लास. तेव्हा कॉम्प्युटर नवा होता. बँकेत, कॉलेजात, कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या ऑफिसात हळूहळू येऊ लागला होता. सतीशभाऊ सुटे भाग आणून जोडून द्यायचे. त्यांनी जीपमधून एक खोकं उतरवलं आणि ओसरीतल्या खाटेवर ठेवलं. आत तैवानचं एक कॅबिनेट होतं. ज्या डब्यात कॉम्प्युटरचे सगळे अवयव बसवतात तो डबा. दुधाळ पांढऱ्या रंगाचा, उभा, कपाटाच्या पिल्लासारखा. “नाना, असे डबे मला इथंच बनवून हवेत,” सतीशभाऊ म्हणाले. “बाहेरून मागवले तर महिनाभर अडकतात, आणि येताना चेपतात. एक नमुना करून दाखवा. माझे डबे जिनिंगमध्ये जातात, तिथं मशिनं वारंवार बंद पडतात. जमलं तर बरीच ऑर्डर देईन.”

ते गेल्यावर नाना खाटेजवळ स्टूल ओढून बसले. प्रकाशला म्हणाले, “बठ्ठं खोल नि माले सांग, यानामा चांगलं काय शे नि वाईट काय शे.” मी पाणी घेऊन गेले होते. परत जायला हवं होतं, पण गेले नाही. दाराला टेकून उभी राहिले.

प्रकाशनं मागचे स्क्रू काढले आणि बाजूचं झाकण मागं सरकवून उचललं. ते कपाटाच्या कडीसारखं खाचेत बसत होतं, स्क्रू फक्त नावाला. नानांनी मान हलवली. प्रकाशनं आतल्या कडेवरून बोट फिरवलं. “कड दुमडेल शे. बोट कापत नई.” खरंच होतं. पत्र्याची प्रत्येक कड आत वळवून दाबलेली होती. आमच्या कपाटांच्या आतल्या कडांनी कितीजणांची बोटं कापली असतील. मग त्यानं आतली पाटी दाखवली, जिच्यावर मुख्य बोर्ड बसतो. तिच्यावर छोट्या पितळी खुंट्या होत्या, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून. त्यांची जागा केसभरही चुकून चालणार नाही, असं तो म्हणाला आणि पट्टी लावून एकेक अंतर कागदावर उतरवू लागला. मागं गरम हवा बाहेर फेकणारा पंखा, पुढं खाली हवा आत घेणारी भोकं, वर सीडी बसवायचे कप्पे, पुढचा प्लास्टिकचा मुखवटा खटकन निघतो आणि खटकन बसतो. रंग पावडर कोटिंगचा, नखानं खरवडला तरी निघत नाही. वाईट काय, तर पत्रा पातळ. मधोमध दाबला तर लवतो. प्रकाश सगळं नीट, क्रमानं सांगत होता आणि नाना एकेक गोष्ट ऐकून हं, हं म्हणत होते. तो हं मला चांगला ओळखीचा होता. खूश असले की तसा हं यायचा.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “हवा पुढून आत जास, मंग कापूस बी आत जाईच.”

दोघांनीही वर बघितलं. मी जवळ गेले आणि पुढच्या भोकांवर हात ठेवला. जिनिंगमधून उडणारी रुई आमच्या गावात कुणाला नवी नव्हती. हंगामात वारा तिकडून आला की वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, बिबड्यांवर, पांढरी लव बसायची, माय वैतागायची. मी म्हणाले, ही भोकं अशी उघडी ठेवली तर पंखा बाहेरची रुई ओढून आत भरणार, आणि सतीशभाऊ म्हणतात त्या बंद पडण्याचं कारण हेच असणार. इथं आत जाळी हवी. आणि ती जाळी साफ करायला सारखं झाकण उघडायला लागू नये, चाळणीसारखी खालून ओढून काढता यावी.

प्रकाश पुढच्या भोकांशी वाकला आणि म्हणाला, “खरं शे, नाना.” मला त्याच्या होकाराची गरज नव्हती. मला नानांचा हं हवा होता. नाना हसले. “मंग तू बी एक बनाड,” ते म्हणाले. मायशी थट्टेनं बोलत तसं बोलले. पण मी ती थट्टा शब्दशः घेतली.

दुपारी जेवण झालं की शेडमध्ये सगळे पडत. त्या वेळात मी काम करी. कपाटांतून उरलेला पत्रा घेतला, तो तैवानच्या पत्र्याहून जाड होता. टेबलाशी उभी राहिले तेव्हा हाताला रेघ आठवते की नाही अशी भीती वाटली होती. आठवली. जाळीसाठी बारीक तारेची चाळणी कापली, तिला पत्र्याची चौकट केली आणि चौकटीला खाली एक जीभ ठेवली, ओढायला. ती चौकट आत-बाहेर नीट सरकेपर्यंत मी कितीदा घासली याला गणती नाही. सरकली तेव्हा जो आवाज झाला, पत्र्यावर पत्र्याचा, तो मला अजून सुखाचा वाटतो.

अडलं ते वाकवण्याच्या मशिनवर. मोठा पत्रा दोन्हीकडून एकदम दाबायला दोन माणसं लागत. नाना झोपले होते. मी एकटीच खटपट करत होते, तेवढ्यात प्रकाश उठून आला. “हात लावाले येऊ का, अक्का?”

नको म्हणायचं होतं. “ये,” म्हणाले.

त्यानं दुसरा दांडा धरला. मी म्हणेन तेव्हा दाबायचा, म्हणेन तिथं थांबायचा. काम झाल्यावर त्यानं माझ्या बोर्डाच्या पाटीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, “हाऊ कोपराना छेद थोडा सरकेल दिखस. एक डाव गुण्या लावी देख.”

“ऱ्हाऊ दे,” मी म्हणाले. मला दिसत होतं. पण त्यानं दाखवलेलं दुरुस्त करायचं म्हणजे त्याच्या हाताखाली काम करण्यासारखं वाटलं. तो परत गेला आणि आपल्या गोणपाटावर आडवा झाला.

दोन्ही कॅबिनेटं तयार झाली तेव्हा नानांनी ती ओसरीत शेजारी शेजारी ठेवली. प्रकाशचं तैवानच्याहून सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. कडा दुमडलेल्या, झाकण लोण्यासारखं सरकणारं, पंख्यापुढं त्यानं गोल गोल छेदांची नक्षी केली होती. जाळी मात्र त्यानं लावली नव्हती, ती अक्काची म्हणून. माझं जड होतं, रंग स्प्रेचा, एका बाजूला ओघळलेला. नानांनी प्रकाशच्या डब्याचं झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावलं. माझ्या जाळीला एक बोट लावून ती बाहेर ओढली, आत ढकलली. सतीशभाऊंची जीप आली, तेव्हा दोन्ही भरून पाठवली. “दोन दखाडी त एक खपी,” म्हणाले.

सतीशभाऊंनी दोन्हींत सारखे भाग बसवले आणि धुळ्याबाहेरच्या एका जिनिंगच्या ऑफिसात, एकाच टेबलावर ठेवून दिले. हंगाम जोरात होता. शिमग्याच्या आसपास त्यांचा निरोप आला की नाना, येऊन बघून जा. धुळ्याला माझी मावशी राहायची. तिच्याकडे जायचं निमित्त करून मीही निघाले. माय म्हणाली, “तुले काय व्हयनं? बराबर जेवत बी नई आजकाल.” मी डबा बांधून घेतला, वांग्याचं भरीत आणि भाकरी. जळगाव स्टँडवर गाडी बदलली. तीन माणसांच्या बाकड्यावर खिडकीशी नाना, मध्ये प्रकाश, कडेला मी. पारोळ्याच्या पुढं नाना डुलकी घेऊ लागले आणि त्यांचं डोकं प्रकाशच्या खांद्यावर टेकलं. तो धुळ्यापर्यंत हलला नाही. मी सारा रस्ता पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसले.

ऑफिसात मशिनचा धडधडाट पलीकडच्या शेडमधून येत होता आणि सगळीकडे रुई. टेबलावर, खुर्चीवर, कारकुनाच्या भुवयांवर. सतीशभाऊंनी आधी प्रकाशचं कॅबिनेट उघडलं. झाकण सरकलं आणि आत पाहतो तर पंख्यापासून बोर्डापर्यंत कापसाची गादी घातल्यासारखी. बोटानं धरून उचलली तर एक अख्खा पापुद्रा निघाला. प्रकाशचा चेहरा उतरला. मला आनंद झाला. फार आनंद झाला, इतका की मला पदर तोंडाशी धरावा लागला.

मग माझं उघडलं. आत हलकीशी धूळ, बाकी स्वच्छ. सतीशभाऊंनी खालची जीभ धरून जाळी ओढली. तिच्यावर कापसाचा जाड थर होता. त्यांनी ती खिडकीशी नेऊन झटकली, परत सरकवली, पुन्हा ओढली. लहान मुलासारखं दोन-तीनदा केलं. “दोष सांगतो आधी,” ते म्हणाले. “जड आहे. एक स्क्रू तिरका बसतोय, बोर्ड ओढला जातो तिथं. जाळी तुंबली की आत गरम होतं, म्हणजे रोज झटकायची शिस्त पाहिजे. पण ही जाळी म्हणजे… नाना, हे सुचलं कुणाला?”

नाना माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा हात माझ्या हाताला लागत होता. ते म्हणाले, “प्रकाशचंच आहे. दोन्ही त्यानंच केलीत.”

मला वाटलं मशिनच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. मी नानांकडे बघितलं. ते सतीशभाऊंकडे बघत होते. सतीशभाऊंनी प्रकाशच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

“भाऊ, हे माझं नाही,” प्रकाश म्हणाला. “हे अक्काचं आहे. सगळं तिनं केलंय. वाकवताना मी फक्त हात लावला.”

कारकुनानं मान वर केली. सतीशभाऊंचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो खाली घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, चौकट सरकते ती खाच कशी काढली?” मी सांगितलं. कानशीनं, थोडं थोडं घासून. ते मन लावून ऐकत होते, पण मी बोलत होते ते त्यांच्याशी नव्हतंच. माझ्या मनात एकच गोष्ट होती. प्रकाश गप्प बसला असता, तर मी त्याचा जन्मभर तिरस्कार करू शकले असते. मला ते हवं होतं. एवढे महिने मी त्याची एक चूक शोधत होते, आणि नानांनी ती त्याच्या हातात आणून दिली होती, आणि त्यानं ती घेतली नाही. माझा टोच्या गेला, माझा चहाचा कप गेला, आता चांगुलपणाही त्याच्याकडेच गेला होता. मी फक्त खरी होते, तो चांगला ठरला.

सतीशभाऊंचा निकाल सरळ होता. डबा याचा, जाळी तिची, अशी कॅबिनेटं करा. नाना हं म्हणाले.

स्टँडवर प्रकाश पाण्याची बाटली भरायला गेला, तेव्हा मी नानांना विचारलं, “तुम्ही त्यान्हं नाव का सांगं?”

नानांनी समोर लागलेल्या गाडीची पाटी वाचली. मग म्हणाले, “तू मन्ही आंडेर शे. हाई बठ्ठास्ले म्हाईत शे. त्याले कोन शे?”

आंडेर म्हणजे लेक. ते फार क्वचित हा शब्द वापरत. त्यांना वाटलं असावं की यात सगळं आलं. मला सांगता आलं नाही की लेक असणं सगळ्यांना माहीत आहे, पण जाळी कुणी केली हे कुणालाच माहीत होणार नव्हतं. मी भरिताचा डबा उघडून दोघांच्या हातात भाकरी दिली आणि मी मावशीकडे जाते म्हणाले. त्या दिवशी मी नशिराबादला परत गेले नाही.

पुढं महिनाभरात सतीशभाऊंनीच मावशीकडे निरोप पाठवला की दुकानात जोडणीला माणूस हवंय, ताई येतील का. मी गेले. नाना भांडले नाहीत, माय रडली. आमची कॅबिनेटं एक हंगाम बनली, मग मुंबईहून तयार डबे ट्रकनं येऊ लागले आणि नाना पुन्हा कपाटांकडे वळले. मी मात्र धुळ्यातच राहिले. लग्न इथंच झालं, पुढं स्वतःचं दुकान झालं. आता माझ्या दुकानात काचेच्या बाजूंची कॅबिनेटं येतात, आत रंगीत दिवे फिरतात, आणि कॉलेजची मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून येऊन मला हवेच्या प्रवाहाबद्दल शिकवतात. मी ऐकून घेते. आतल्या कडेवरून बोट फिरवल्याशिवाय आणि पुढची जाळी निघते का हे पाहिल्याशिवाय मी अजूनही कुठलंच कॅबिनेट विकायला ठेवत नाही.

प्रकाश नशिराबादलाच राहिला. नानांचं शेड त्यानं वाढवलं, मायचं शेवटचं आजारपण काढलं. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाई. गेले की नाना माझी विचारपूस करत, धुळ्याचं हवापाणी विचारत, जावयांचं विचारत. पाहुण्याशी बोलतात तसं. आणि मग प्रकाश आतून येई आणि दोघं कुठल्यातरी अर्धवट राहिलेल्या गोष्टीवर बोलायला लागत, मध्येच, सुरुवात न करता. ज्यांचं बोलणं रोजच चालू असतं, त्यांना सुरुवात करावी लागत नाही. मी हातात चहाचा कप घेऊन बसून राही. मला हवं ते सगळं मिळालं होतं. धुळ्याच्या बाजारात माझ्या नावाची पाटी होती. आणि नशिराबादच्या ओसरीत एका वाक्याच्या मधोमध मला जागा नव्हती.

नाना गेले त्याला आता काही महिने झाले. सुतक संपलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी सोनगीरहून भाऊबंद आले, ओसरीत दाटी झाली. आलेला प्रत्येक माणूस आधी प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवत होता, मग बायकांत बसलेल्या माझ्याकडे बघून शेजाऱ्याला हळूच विचारत होता की ही लेक का. घराच्या वारसाची पगडी कुणाला बांधायची, असं कुणी विचारलंच नाही. एका वृद्ध आबांनी कापड उलगडलं आणि प्रकाशला पुढं बोलावलं. मी त्याच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर वाट बघत होते. तो काहीतरी म्हणेल, माझ्याकडे वळेल, पूर्वी वळला होता तसा.

तो वळला नाही. पाटावर बसला, मान खाली घातली आणि त्यानं पगडी बांधून घेतली. केस पांढरे झालेत त्याचेही. इतकी वर्षं नाना-मायचं जे रोज उचललं, धुतलं, भरवलं, ते त्याचंच होतं, आणि त्याला ते माहीत होतं. मग लोक त्याला भेटायला एकेक करून पुढं जाऊ लागले. माझी पाळी आली तेव्हा तो उठला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या पगडीवर हात ठेवला. नव्या कापडाची खळ अजून कडक होती. भिंतीपलीकडचा तो हसण्याचा आवाज मला पुन्हा आठवला, तितकाच ताजा. मी हात तसाच ठेवला. मागं बायकांची रांग थांबली होती, कुणीतरी माझ्या पदराला ओढत होतं, आणि प्रकाश वाकलेलाच होता.